कातडी कमावण्याच्या पद्धती : पर्यावरणाच्या दृष्टीने विचार

कातडी कमावण्याची कोणती पद्धत पर्यावरणास कमी अपायकारक, असे विचारले असता बाभळीची साल व हिरडा यांची जुनी पद्धत, असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अंशतःच खरे आहे. पद्धतीची पारख करताना ओल्या कातड्यापासून तयार चामड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

पहिला टप्पा मिठाचा. कातडे कुजू नये म्हणून त्यास भरपूर मीठ लावतात व पुढे ते भिजवून काढून टाकतात. पाण्यात विरघळलेले हे मीठ नेहमीच्या शुद्धीकरणाने निघत नाही. ते जमिनीत मुरून विहिरी खारट करते. दुसरा टप्पा केस काढण्याचा. यासाठी चुना व सोडियम सल्फाइड वापरतात. या पाण्यात आम्लयुक्त पाणी मिसळल्यास प्राणघातक वायू सुटतो, म्हणून दोन्ही पाण्यांचे पाट वेगळे ठेवावेत. हे दोन्ही टप्पे सालीच्या तसेच क्रोमच्या पद्धतीतही असू शकतात, हे ध्यानी घ्यावे.

भेद पडतो तो तिसऱ्या टप्प्यात. सालीने कातडे कमावण्यास कित्येक आठवडे लागतात. उरलेला गडद अर्क ओढ्यात सोडल्यास पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात. क्रोमने हेच काम एक-दोन दिवसांत होते; परंतु साध्या रीतीत सुमारे ६० ते ७० टक्के क्रोमियमच कातड्यात शोषले जाते, बाकीचे सांडपाण्यात जाते. क्रोमयुक्त तासणी जाळल्यास त्यातील क्रोमियमचे अधिक विषारी रूप तयार होऊ शकते. म्हणून ती चुलीत घालू नये.

दुर्लक्षाचा परिणाम तामिळनाडूतील पालार नदीच्या खोऱ्यात दिसला. तेथील जमीन व पाणी नासल्यावर, प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी व निसर्ग पूर्ववत करण्याचा खर्च सोसावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला.

आपल्या बेळगाव जिल्ह्यासही हा विषय परका नाही. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. या चपलेचे चामडे सालीने कमावलेले असते. हा व्यवसाय टिकावा आणि गावची विहीरही गोडी राहावी, यासाठी काही उपाय सहजसाध्य आहेत. भिजवण्यापूर्वी कातडे झटकून सुटे मीठ गोळा करावे. हौदातील अर्क फेकून न देता पुढील कातड्यांस पुन्हा वापरावा. निकामी साल वाळवून सरपणास घ्यावी. क्रोम वापरणाऱ्यांनी मॅग्नेशियम ऑक्साइडच्या साहाय्याने क्रोमियम साक्यात बसवून परत मिळवावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून, किती कातडे आले, किती पाणी व मीठ लागले आणि ते शेवटी कोठे गेले, याची नोंद करवावी. ग्रामपंचायतीने जवळच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासून घ्यावे. पद्धतीचे नाव जुने की नवे, यापेक्षा हीच नोंद अधिक विश्वसनीय होय.