भिंतीवरची पदवी जुनी, डॉक्टरांचं ज्ञान ताजं?

प्रश्न : आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे तीस वर्षांपूर्वीची बीडीएसची पदवी लावलेली आहे. त्यानंतर त्यांचं ज्ञान ताजं आहे की नाही, हे कुणी तपासतं का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : परीक्षा घेऊन कुणीच तपासत नाही. मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयातून बाहेर पडा की खासगी कॉलेजातून, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. ही पद्धत 1948च्या कायद्यापासून आहे. नोंदणीचं नूतनीकरण करताना सीडीईचे, म्हणजे निरंतर दंतशिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. परिषदा, व्याख्यानं, कार्यशाळा यांना हजर राहून ते मिळवायचे.

माझा आक्षेप इथेच आहे. हे गुण मुख्यतः हजेरीचे आहेत. व्याख्यान नुसतं ऐकलेल्याचा हात रूट कॅनालमध्ये किती सुधारला, ते प्रमाणपत्रावरून कळत नाही. ब्रिटनमध्ये दंतवैद्याला पाच वर्षांत 100 तासांचं शिक्षण तर दाखवावं लागतंच, शिवाय मला काय शिकायला हवं होतं आणि शिकलेलं कामात कुठे आलं, याची लेखी नोंदही ठेवावी लागते. आपल्याकडे निदान एवढं तरी सुरू व्हावं. संसदेने 2023 साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला, त्यात एक्झिट टेस्ट आहे; पण ती नव्याने प्रॅक्टिसमध्ये येणाऱ्यांसाठी.

तोवर पेशंटने स्वतः बघावं. अवजारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडतात का, त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला आहे का? ऑटोक्लेव्हच्या वाफेतून गेल्याशिवाय तो बदलत नाही. दुसरी गोष्ट खास विदर्भाची. तुम्ही दाढ दुखते म्हणून गेलात, तरी डॉक्टर गालाची आतली बाजू बोटाने चाचपतात का, जीभ बाहेर काढायला लावतात का, खर्रा खाता का असं स्पष्ट विचारतात का? खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाची आतली त्वचा पांढरट, ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर जाणत्या डॉक्टरला तिथेच शंका येते. हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, म्हणून दाढेइतकंच लक्ष गालाकडे देणारा डॉक्टर मी अधिक सक्षम मानतो.

दंतवैद्यांच्या 2014च्या आचारसंहितेनुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असायला हवा. पुढच्या खेपेला तो बघा. दिसला नाही तर मागा, आणि नूतनीकरण कधी केलं तेही विचारा.