छत उतरवण्याआधी

खडवलीहून पडघ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझी शेड आहे. जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं आणि चासीचं काम इथे चालतं. सगळ्यांत जास्त जीव जडला तो स्टँडर्ड हेराल्डवर. इंग्लंडात ट्रायम्फने १९५९ साली काढलेली, इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने रेखलेली ही गाडी १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्समध्ये तयार होऊ लागली. आज पन्नाशी ओलांडलेली हेराल्ड माझ्या दारात येते तेव्हा मालकाचं मागणं बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "काका, हिचं छत काढून ओपन करून द्या." नाहीतर कुणीतरी ती आधीच ओपन केलेली असते आणि खड्ड्यातून जाताना दार आपोआप उघडायला लागलेलं असतं. छत काढायचं काम मी घेत नाही. जी उघडी होऊन आली आहे किंवा जी मूळचीच कन्व्हर्टिबल आहे, तिची चासी ताठ करायचं काम मात्र मनापासून घेतो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

१. बोल्टने बसवलेलं छतही कामाचं असतं.

हेराल्डला स्वतंत्र चासी का आहे, यामागे एक गोष्ट आहे. १९५३ साली फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी बीएमसीच्या ताब्यात गेली. बीएमसी म्हणजे हेराल्ड काढणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फची प्रतिस्पर्धी मोटार कंपनी. अखंड बॉडी घडवून देणारा आता मिळणार नव्हता, म्हणून गाडीचे तुकडे पाडले गेले. पुढचा भाग, मागचा भाग, बॉनेट, छत, सगळं वेगवेगळ्या ठिकाणी बनवायचं आणि खालच्या चासीवर बोल्टने जोडायचं. त्यामुळे हेराल्डचं छत पान्याने उतरतं. पान्याने उतरतं म्हणून ते निव्वळ सावलीपुरतं आहे, असा समज मात्र घातक आहे. पुढच्या काचेची चौकट आणि मागचा भाग यांना ते वरून बांधून ठेवतं. ते गेलं की एक चाक खड्ड्यात उतरताना गाडीला जो पीळ बसतो, तो सगळा खालच्या चासीला एकटीने सोसावा लागतो. काचेची चौकट थरथरते, स्टिअरिंग हातात हलतं, दारांच्या फटी उघडझाप करतात.

हेराल्ड निदान चासीवर उभी तरी राहते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट ११०० आणि पद्मिनी यांना वेगळी चासीच नाही, बॉडी हाच सांगाडा. वरातीसाठी छत कापलेली पद्मिनी मी पाहिली आहे. मधोमध पोट खाली आलेलं, आणि चार माणसं बसल्यावर मागची दारं उघडेचनात. तिच्या मालकाला मी छत परत बसवण्याचाच सल्ला दिला.

२. मोजल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

गाडी सपाट कोब्यावर घ्या. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते बघा. ओळंबा सोडून चासीवरचे ठरावीक बिंदू जमिनीवर खडूने उतरवा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी चौकोनात आहे. मग दाराच्या उघडीचे कर्ण, दोन्ही बाजूंचे. दाराची फट वर, मध्ये आणि खाली मोजून वहीत लिहा.

यानंतरची परीक्षा खरी. मागचं एक चाक जॅकने उचला आणि त्या स्थितीत दार उघडून लावून बघा. फट कुठे आणि किती बदलली ते लिहा. हीच परीक्षा काम झाल्यावर पुन्हा घ्यायची असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय गाडी ताठ झाली असं म्हणायला आधार नाही. नुसतं "आता घट्ट वाटते" यावर मी गाडी सोडत नाही, कारण नवा रंग आणि नवी रबरं लागली की कुठलीही गाडी आठवडाभर घट्टच वाटते.

३. आधी गंजाने खाल्लेलं परत द्या.

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यांत जास्त फायदाही इथेच होतो. हेराल्डच्या चासीत मधोमध दोन मुख्य दांडे असतात. त्यांच्यापासून बाहेर आडवे हात निघतात, आणि त्या हातांच्या टोकांना दाराखालून जाणारे कडेचे दांडे जोडलेले असतात. मुख्य दांडे सहसा टिकतात. कुजतात ते हात आणि कडेचे दांडे, कारण चाकांनी उडवलेला चिखल तिथेच साचतो. आमच्याकडे भातसा नदीच्या काठाला पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते. पेटीसारख्या दांड्याच्या आत शिरलेलं पाणी दिवाळीपर्यंत वाळत नाही. बाहेरून काळा रंग चकचकीत आणि आत पत्र्याचा पापुद्रा, अशी गाडी मला नेहमी दिसते. म्हणून हातोडीने ठोकत चला. टणक ठिकाणचा आवाज वेगळा आणि कुजलेल्या ठिकाणचा वेगळा. शंका आली की स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबा.

मालक म्हणतो, "काका, खालून दोन जाड चॅनेल टाका ना, विषय संपेल." मी नाही म्हणतो. कुजलेल्या हातावर जाड चॅनेल वेल्ड केलं तर वेल्ड ज्या पत्र्याला धरणार तोच पत्रा उरलेला नसतो. आधी एकेक हात मूळ मापाने, मूळ जाडीच्या पत्र्यात घडवून बसवा. जाडी व्हर्नियरने चांगल्या ठिकाणी मोजा, अंदाजाने नको. नुसतं एवढं झालं तरी उचललेल्या चाकाच्या परीक्षेत दार पुन्हा लागायला लागतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

४. जाडीपेक्षा आकार मोठा.

अखंड बांबू दोन्ही हातांनी पिळायचा प्रयत्न करा, हलणार नाही. त्याला एका बाजूने उभी चीर द्या, लगेच पिळवटेल, आणि बांबू तर तेवढाच आहे. पत्र्याच्या नळीचंही तसंच. बंद नळीला लांबीभर चीर दिली तर पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा शेकडो पटींनी घटतो. बंद नळीचा पत्रा दुप्पट जाड केला तर ताठपणा साधारण दुप्पट होतो आणि वजनही दुप्पट. तोच पत्रा ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पटच होतं, पण पिळाविरुद्धचा ताठपणा आठपट होतो.

म्हणून उघड्या तोंडाचा चॅनेल दिसला की त्याला झाकण लावून पेटी बंद करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. इंग्रजांच्या एमजीबी या १९६२ च्या उघड्या गाडीला चासी नाही. दाराखालचा सिलच आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पत्र्यांनी बंद करून तिची ताकद उभी केली आहे. त्याच साली आलेल्या लोटस एलानची बॉडी फायबरची, उघडी, आणि सगळा भार मधल्या एका पोलादी पेटीवर. दोन्हीकडे जाड लोखंड नाही, बंद आकार आहे.

५. दुसरा उपाय तिरक्या दांड्यांचा.

चौकोनी सांगाडा पिळवटताना त्याचे कोपरे हलतात. कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारा एक्स आकाराचा दांडा त्यांना धरून ठेवतो. १९५५ ते १९५७ च्या शेव्हर्ले कन्व्हर्टिबलच्या चासीत असा जादा एक्स कारखान्यातूनच येत असे. हेराल्डला तो बोल्टने बसेल असाच करा. गिअरबॉक्स उतरवायला जागा ठेवा आणि जमिनीपासूनची उंची कमी होऊ देऊ नका, आपल्याकडचे स्पीडब्रेकर लक्षात ठेवा. मागच्या सीटच्या पाठीमागे पुठ्ठा असेल तर तिथे पातळ पत्र्याचा अखंड पडदा चारही कडांनी बसवा. वजन किरकोळ, फरक मोठा.

जादा पट्टी लावताना तिचं टोक सरळ कापू नका. सरळ कापलेल्या टोकाशी ताण एकवटतो आणि वर्षा-दोन वर्षांत तिथेच तडा जातो. टोक तिरकं निमुळतं करा. भोकं पाडायचीच असतील तर दांड्याच्या उभ्या बाजूला मधल्या उंचीवर पाडा. वरच्या-खालच्या पट्टीला हात लावू नका, वाकण्याचा सगळा ताण तिथेच असतो.

६. वेल्डिंग म्हणजे उष्णता, आणि उष्णता ओढते.

दारं लावलेली असतानाच वेल्डिंग करा. दाराच्या उघडीत तात्पुरता दांडा टाकून ती बांधून घ्या. चासीला आधार द्यायचा तो चाकांचं सस्पेन्शन जिथे टेकतं तिथेच, म्हणजे रस्त्यावर असते तशीच ती उभी राहील. एका वेळी एकच हात कापा. तो बसून थंड झाला की दुसरा. सीओटू मशीनने बोटाच्या पेराएवढा टाका मारा, मग समोरच्या बाजूला जा, परत या. दर काही टाक्यांनंतर फट मोजा. संध्याकाळी गावात पंप सुरू झाले की विजेचा दाब पडतो. तेव्हा वेल्ड वरून सुरेख दिसतं पण आत मुरत नाही. त्या वेळेत मी चासीचं वेल्डिंग थांबवतो, त्याऐवजी घासायचं आणि साफ करायचं काम घेतो.

७. बॉडी आणि चासी यांच्यामधल्या गाद्या आणि बोल्ट नवे घाला. गंजलेला बोल्ट आणि दबलेली गादी असेल तर वरची बॉडी खालच्या चासीला काहीच मदत करत नाही.

८. जीपला हे लागू करू नका.

महिंद्रांनी १९४७ मध्ये आपल्याकडे विलीज जीप आणली, तेव्हापासून या भागात जीप आहेतच, आणि त्याही उघड्या. पण जीपची शिडीसारखी चासी थोडी पिळवटावी अशीच बेतलेली असते. शेताच्या बांधावर चारही चाकं जमिनीला टेकतात त्यात त्या पिळाचाही वाटा असतो. तिचा प्रत्येक सांधा वेल्ड करून जखडला की रिव्हेटांच्या जवळ तडे जायला लागतात. जीपचे तडे बुजवा, सैल रिव्हेट बदला आणि थांबा.

९. कागद बघून काम ठरवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. बंद गाडीची उघडी करणं हा असाच बदल. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीची वेगळी नोंदणी मिळते, 'व्हीए' अक्षरांच्या नंबरासह. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. आणि अशी गाडी भाड्याने वरातीला लावता येत नाही. म्हणूनच मी जादा दांडे बोल्टने बसवतो, काढले की चासी जशीच्या तशी. कुजलेला भाग बदलताना चासी नंबरच्या जागेला ग्राइंडर लागू देत नाही. आधीचे आणि नंतरचे फोटो मालकाला देतो. ज्यांच्याकडे हेराल्डचं मूळ छत माळ्यावर पडून आहे त्यांना मी ते परत बसवायला सांगतो, आणि बरेच जण ऐकतात.

१०. शेवटचं काम पाण्याचं.

दांड्यांच्या तळाची पाणी जायची भोकं सळईने मोकळी करा. बंद पेटीत पातळ केलेलं मेण किंवा तेल लांब नळीच्या फवाऱ्याने आत मारा, भोकांतून थेंब गळेपर्यंत. हे मे महिन्यातच उरकायला हवं. मग गाडी पडघा फाट्यापर्यंत खड्ड्यांतून न्या, परत आणा, सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पाचशे किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा आवळा, आणि वही काढून फटी मोजा.