वेगाच्या दंतकथा आणि मोजमापाची कसोटी

सिद्धगडाच्या कड्यासमोर उभे राहून हाक दिली, तर प्रतिध्वनी परत येण्यास काही काळ लागतो. कडा ३४० मीटर दूर असेल, तर हा काळ सुमारे दोन सेकंदांचा असतो; कारण सामान्य हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे तासाला सुमारे १२२५ किलोमीटर असतो. पावसाळ्यात वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, की वीज किती किलोमीटरवर चमकली याचा अंदाज येतो. ध्वनिवेगाचे हे माप हाताशी असले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांविषयीच्या अनेक दंतकथा पारखून घेता येतात.

त्यांतील प्रसिद्ध कथा अमेरिकेच्या 'थंडरबोल्ट' विमानाची. नोव्हेंबर १९४२ मध्ये हॅरॉल्ड कॉमस्टॉक व रॉजर डायर या वैमानिकांनी फार उंचीवरून विमाने खाली झेपावली. त्या झेपेत तासाला ७२५ मैल, म्हणजे सुमारे ११६७ किलोमीटर वेग गाठल्याची बातमी कंपनीने प्रसिद्ध केली. अकरा किलोमीटर उंचीवरील अतिशीत हवेत ध्वनीचा वेग तासाला सुमारे १०६० किलोमीटरच असतो. त्यामुळे या विमानाने ध्वनीलाही मागे टाकले, अशी समजूत रूढ झाली.

वैमानिकांनी लबाडी केली असे म्हणण्याचे कारण नाही. चूक होती ती यंत्राच्या वाचनात. विमानाचा वेगमापक वेग प्रत्यक्ष मोजीत नाही. समोरून येणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालचा स्थिर दाब यांतील फरकावरून त्याचा काटा फिरतो. ध्वनिवेगाच्या जवळ पोहोचताच हवा विमानापुढे दाटते, दाब विस्कळीत होतो आणि काटा खऱ्यापेक्षा अधिक वेग दाखवू लागतो. शिवाय पंख्याच्या पात्यांची टोके विमानाच्या आधीच ध्वनिवेगास पोहोचतात; तेथून पुढे पंखा ओढण्याऐवजी अडथळाच अधिक करतो. पंख्याच्या विमानाला ही मर्यादा ओलांडता येत नाही, ती याचमुळे.

काटेकोर मोजणीचे उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. एप्रिल १९४४ मध्ये मार्टिनडेल या वैमानिकाने खास उपकरणे बसवलेले 'स्पिटफायर' झेपावले. वेग ध्वनीच्या सुमारे नऊ-दशांशापर्यंत गेला आणि पंखाच तुटून पडला! तरीही त्याने विमान तरंगत आणून सुखरूप उतरवले. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी जेट विमानातून ध्वनिवेग ओलांडल्याचा दावा जर्मन वैमानिक मुटके यांनी केला. पण त्यास मोजमापाचा आधार मिळाला नाही. सरळ उड्डाणात ध्वनिवेग ओलांडल्याची पहिली प्रमाणित नोंद १४ ऑक्टोबर १९४७ ची, अमेरिकेच्या चक येगर यांची. त्यांचे 'एक्स-१' विमान अग्निबाणाच्या शक्तीवर चालणारे होते.

मार्टिनडेल यांचा आकडा दंतकथेतील आकड्यापेक्षा लहान आहे. परंतु त्यांचे धैर्य त्यामुळे उणे ठरत नाही. ही गोष्ट आपल्या परिसरालाही लागू आहे. तीच युद्धाची वर्षे सिद्धगडाच्या इतिहासाचीही आहेत. भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना याच गडावर पोलिसांच्या गोळीबारात वीरमरण आले. एवढी नोंद पुरेशी तेजस्वी आहे. तिच्यावर कल्पित पराक्रमांचा मुलामा चढविल्यास उद्याचा वाचक खऱ्या बलिदानाकडेही संशयाने पाहील.

म्हणून माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी अवश्य लिहून ठेवाव्यात. मात्र प्रत्येक आठवणीपुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि त्यास दुसरा पुरावा कोणता. विमानाच्या वेगाला जी कसोटी, तीच आपल्या अभिमानालाही लावली पाहिजे.