पोरांना गळ टाकायला न्यायचं, तर खर्च किती?

मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात आई-बाप पोराला घेऊन शिरले की दुकानदाराचा हात आपसूक वरच्या फळीकडे जातो. तिथे छोट्या रंगीबेरंगी काठ्या टांगलेल्या असतात, रीळ लावलेल्या, सोबत प्लास्टिकची पेटी आणि पेटीत खोटे रबरी मासे. किंमत बाराशे ते दोन हजार. पोराचा हट्ट सुरू व्हायच्या आत सांगतो, मूल आठ वर्षांच्या आतलं असेल तर ही काठी घेऊ नका. रिळाचा खटका आणि काठीचा झोका एकाच क्षणी जमवणं या वयात कठीण जातं. मग तंगुसाची गुंतवळ होते आणि सकाळचा निम्मा वेळ ती सोडवण्यात जातो. सोडवायला अर्थातच बाबा असतात, आणि पोरगं तोवर दगड फेकून पाण्यातले मासे पळवून लावतं.

बुरुडाकडून आठ फुटी बारीक बांबूची काठी आणा. पन्नास ते शंभर रुपये. (या लेखातले सगळे आकडे अदमासे आहेत. गाव, मोसम आणि तुमचं बोलणं यांवर ते वरखाली होतील.) पाव मिलिमीटर जाडीच्या तंगुसाचं रीळ ऐंशी रुपयांच्या आसपास, दहा नंबरच्या गळांची पुडी पन्नास, शिशाचे मणी आणि बूच मिळून आणखी पन्नास. गळाच्या बाबतीत नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. दुकानदाराने "मोठा मासा लागेल" म्हणून दोन-चार नंबरचे गळ पुढे केले तर परत करा. पोरांना लागणारे मासे तळहाताएवढे, त्यांच्या तोंडात तो गळ मावायचाही नाही.

जोडणी घरीच करा, आदल्या रात्री. तंगूस काठीच्या शेंड्याला बांधायचा आणि त्याची लांबी काठीएवढीच ठेवायची, वीतभर कमी चालेल, जास्त नको. अशाने मासा लागला की पोराने काठी नुसती वर उचलायची, मासा झुलत आपोआप हातापाशी येतो. बूच गळापासून दोन-अडीच फुटांवर, शिशाचा एकच छोटा मणी गळाच्या वर चार बोटं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम घरातल्या पक्कडीचं. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो पक्कडीत धरून दाबून सपाट करा. नखाने चाचपून पाहा, अडकायला नको. काही मासे सुटतील, सुटू देत. पण तोच गळ धाकट्याच्या कानात किंवा तुमच्या अंगठ्यात रुतला, तर आला तसा मागे निघेल. उलटा काटा शाबूत असलेला गळ काढायला दवाखाना गाठावा लागतो, आणि सुट्टीच्या दिवशी कोकणातल्या एखाद्या गावात तो शोधण्याचा खर्च या हिशेबात कुठेच बसत नाही. गळ मागे निघाला तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचाराच.

आमिषाला खाडीत करंदी किंवा बारीक कोळंबी, शंभराच्या आत काम होतं. उरली तर संध्याकाळी कालवणात. गोड्या पाण्यात तेवढाही खर्च नाही. कणकेत चिमूटभर कापूस मळून गोळ्या करा, म्हणजे पाण्यात लवकर विरघळत नाहीत. किंवा शेणखताच्या ढिगात गांडुळं शोधा. बहुतेक पोरांना मासेमारीपेक्षा हा भाग जास्त आवडतो, असं माझं निरीक्षण आहे.

दोन मुलांचा हिशेब मांडला तर दोन काठ्या दीडशे-एकशे साठ, बाकी सामान एकशे ऐंशी, आमिष ऐंशी. सगळं मिळून चारशे वीस.

पैसे जिथे घालायचे तिथे

वाचलेले पैसे लाइफ जॅकेटमध्ये घाला. लहान मुलांचं बऱ्यापैकी जॅकेट आठशे ते दीड हजारात येतं. दोन मुलांची दोन, म्हणजे हजार-हजार धरले तर दोन हजार. सामानाच्या पाचपट खर्च अंगातल्या जॅकेटवर, हे प्रमाण ऐकायला विचित्र वाटतं, पण बरोबर आहे. जॅकेट वयावर घेऊ नका, वजनावर घ्या. आत लेबलावर किलो लिहिलेले असतात, लेबलच नसेल तर ते जॅकेट ठेवून द्या. दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवाच. दुकानातच पोराला घालून, पट्टे आवळून, जॅकेटच्या खांद्यांना धरून उचला. पोर वर यायला हवं. नुसतं जॅकेट वर सरकून कानाला लागलं तर ते मोठं आहे. "पुढच्या वर्षीही होईल" हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक. दंडावर फुगवून घालायचे फुगे पोहण्याच्या तलावातली खेळणी आहेत, त्यांना या यादीत जागा नाही.

पायात मागून पट्टा असलेले बंद बूट हवेत, जुने चालतील. खाडीच्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या शिंपांच्या कडा पात्यासारख्या कापतात. चपला चिखलात राहतात आणि पाय पुढे जातो. नवीन काही विकत घेऊ नका, शाळेचे गेल्या वर्षीचे बूट काढा.

कुठे आणि कधी

लहान मुलांसाठी माझी पहिली पसंती खाडीवरच्या छोट्या धक्क्याला, जिथे कठडा आहे आणि स्थानिक माणसं गळ टाकून बसलेली असतात. खर्च शून्य, फार तर गाडी लावायचे वीस-तीस रुपये. ओळीत घुसून बसू नका. एखाद्या काकांना "इथे पोरांना घेऊन बसलं तर चालेल ना?" एवढं विचारलं की निम्मं काम होतं. कुठे मासा लागतोय आणि कुठे दगडात गळ अडकतोय, हे तेच सांगतील.

वेळ मात्र तुम्ही ठरवायची. कोकणातली जुनी माणसं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. मुंबईच्या आसपास हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे जमतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जबर असते, ते दिवस पोरांना घेऊन जायचे नाहीत. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी संथ. म्हणजे दिनदर्शिकेत अष्टमी ते दशमीमधला रविवार शोधायचा आणि सकाळी सहा ते आठ बसायचं. ऊन चढायच्या आत घरी. पाच वर्षांच्या मुलाला पाऊण तास पुरतो, त्यानंतर त्याला भूक लागते, शी लागते किंवा दोन्ही. डबा आधी, गळ नंतर.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एक जून ते एकतीस जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. काठावरून गळ टाकणाऱ्याला ती बंदी लागू नाही हे खरं, पण पावसाळी समुद्राशेजारी लहान मूल नेण्यात शहाणपण नाही. पहिल्या पावसात ओढ्यात चढणीचे मासे पकडायला अख्खं गाव लोटतं, पोरांनाही ते बघायचं असतं. लांबून दाखवा. पाणी केव्हा फुगेल सांगता येत नाही, आणि त्या माशांच्या पोटात अंडी असतात.

आता शेततळ्याबद्दल. गावाकडे काका-मामांचं शेततळं असतं, त्यात रोहू-कटला सोडलेले असतात, फुकट असतं, समोर दिसतं, खोलही वाटत नाही. शहरातल्या पालकांना ही सगळ्यात सुरक्षित जागा वाटते आणि माझ्या मते हीच सगळ्यात धोक्याची. प्लास्टिकच्या कागदाचं अस्तर असलेल्या तळ्याच्या भिंती उतरत्या असतात, पाण्याखालच्या कागदावर शेवाळ धरतं. आत घसरलेलं मूल सोडाच, पट्टीच्या पोहणाऱ्या माणसालाही त्या कागदावरून वर चढता येत नाही, हाताला धरायला काही नसतं. वाचवायला उतरलेला माणूसही आतच राहतो. कुंपण, आत सोडलेला गाठींचा दोर आणि वर एक धडधाकट माणूस, हे तिन्ही नसेल तर मामांना स्पष्ट नाही म्हणा. मामा रागावतील. दोर विकत घ्यायला तीन-चारशे रुपये पडतात, पाहुणे म्हणून तेवढा तुम्हीच घेऊन जा.

धरणं आणि गावतलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. आतले मासे त्यांनी बीज सोडून वाढवलेले असतात, म्हणून आधी संस्थेच्या माणसाला विचारायचं. कुठे पावती फाडून दिवसभर बसू देतात, कुठे साफ नाही म्हणतात. अभयारण्याच्या हद्दीत गळ काढायचाच नाही. पवईच्या तलावात मगरी आहेत, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको, तरी काठावर पोरं सोडून मोबाइल बघणारे पालक दिसतात.

कर्जत, नेरळ, मुरबाड या पट्ट्यात काही फार्महाऊसवर पैसे घेऊन गळ टाकू देतात. इथे फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या. पैसे माणशी की काठीमागे? काठी आणि आमिष त्यात धरलेलं आहे का? पकडलेला मासा सोडायचा, की किलोच्या भावाने विकत घ्यायचा? आणि काठाला पाणी किती खोल? तिसरा प्रश्न विसरलात तर पोराने हौसेने ओढलेला दोन किलोचा कटला बिलात दिसतो. जेवणासकट दिवसाचे माणशी हजार-बाराशे धरले तर चौघांचे चार हजारांच्या वर जातात. त्यातला गळाचा वाटा अगदी थोडा असतो, बाकी पैसे झोपाळ्याचे आणि मिसळीचे. सहल म्हणून जा, हरकत नाही.

होडीचं म्हणाल तर मालवण, तारकर्ली, दापोलीकडे स्थानिक मच्छीमार तासा-दोन तासांसाठी नेतात. भाव अख्ख्या होडीचा ठरवा, माणशी नको, आणि निघण्याआधी ठरवा. सहा वर्षांच्या आतलं मूल होडीत नेऊ नये, हे माझं मत. होडी लागली आणि पोर ओकायला लागलं तर अर्ध्यातून परत फिरावं लागतं आणि पैसे पूर्ण द्यावे लागतात.

काहीच पकडायचं नसेल, नुसते मोठे मासे दाखवायचे असतील, तर रायगडात महाडजवळ वाळणकोंड आहे आणि पालघरमध्ये वाड्याजवळ तिळसे. दोन्हीकडे देवस्थानाच्या श्रद्धेने राखलेले महाशीर आहेत, हातभर लांबीचे मासे काठाशी येतात. गळ टाकायला अर्थातच मनाई. खर्च जाण्यायेण्याचा. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी हीच खरी पहिली सहल, असं मी सुचवेन.

मासा लागल्यावर

गोड्या पाण्यात पहिला मासा बहुतेक वेळा चिलापी. हा आफ्रिकेतला मासा 1952मध्ये भारतात आणला गेला, आणि आता त्याची वीण इतकी आहे की पोराने दोन घरी नेले तर कुणाचं काही बिघडत नाही. पाठीवरचे काटे टोचतात, ओल्या फडक्यात धरा. खाडीत शेंगटीपासून जपा. तिच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन काटे असतात, त्यांत विष असतं आणि कळ मस्तकात जाते. मुलाला हात लावू देऊ नका, पक्कडीने गळ सोडवा. टोचलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात ती जागा बुडवून ठेवायची, वेदना उतरते. मुलाच्या बाबतीत पाणी आधी आपल्या हाताला सोसतंय का पाहायचं, नाहीतर पोळेल. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं ते एवढ्यासाठी, चहा दुसऱ्या थर्मासात. फुग्यासारखा फुगणारा केंड लागला की पोरं नाचतात. नाचू द्या आणि सोडून द्या, तो विषारी असतो, खायचा नाही, मांजरालाही घालायचा नाही.

परदेशात लेकीकडे गेलेल्या आजी-आजोबांसाठी थोडं. न्यूजर्सीत गोड्या पाण्यात गळ टाकायला सोळा वर्षांखालच्या नातवंडांना परवाना लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशांनाही लागत नाही, पण पाहुणे म्हणून आलेले आजोबा रहिवासी नव्हेत, त्यांनी काठी हातात घ्यायची तर बाहेरच्यांचा परवाना काढायचा. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांखाली परवाना नको, तेरा ते सोळा फुकट मिळतो पण काढावा लागतो. शिवाय तळ्याच्या मालकाची वेगळी पावती असते, ती मुलांनाही लागू शकते.

राहिली ती रिळाची काठी. पोराने बांबूवर एक हिवाळा काढला आणि पुढच्या ऑक्टोबरात "कधी जायचं?" असं आपणहून विचारलं, तर घ्या. पाच-साडेपाच फुटी काठी आणि हजार नंबरचं साधं रीळ, दीड हजारापर्यंत. मूठ डावीकडून उजवीकडे बदलता येते का, हे दुकानातच फिरवून बघा, आणि डावखुऱ्या पोराला सोबत न्या.