चंदेरी नक्षी

मुलांनो, डब्यात चपात्या गुंडाळायला घरोघरी चंदेरी कागद वापरतात. त्याला आपण कागद म्हणतो खरे. पण तो कागद नाही. तो अ‍ॅल्युमिनिअम या धातूचा पत्रा आहे. माणसाच्या केसापेक्षाही पातळ!

त्याची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी मंद. असे का बरे? कारखान्यात धातूचा पत्रा दोन रुळांमध्ये दाबून पातळ करतात. शेवटी तो इतका पातळ होतो, की एकटा रुळांतून काढला तर फाटेल. म्हणून दोन पत्रे एकावर एक ठेवून दाबतात. जी बाजू गुळगुळीत रुळाला लागते, ती चमकते. ज्या बाजू एकमेकींना लागतात, त्या मंद राहतात.

हा पत्रा फार मऊ असतो. बोटाने दाबला, की तसाच राहतो. म्हणूनच त्यावर नक्षी करता येते. 'नक्षी' हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? उर्दूतला 'नक्श' आणि मराठीतली 'नक्षी' ही एकाच घरातली भावंडे आहेत.

चला, एक पान तयार करू. वहीएवढा जाड पुठ्ठा घ्या. त्यावर पिंपळाचे मोठे पान काढा. रेघांवर डिंक लावून सुतळी चिकटवा. आता ती पूर्ण वाळू द्या. इथेच सगळे घाई करतात! ओली सुतळी पत्र्याखाली सरकते आणि पानाचा भोपळा होतो. लहान भाऊ किंवा बहीण जवळ असेल, तर तोवर तिला पत्रा हलक्या हाताने चुरगळून पुन्हा उलगडायला सांगा. पत्र्यावरच्या बारीक सुरकुत्या छान दिसतात.

पत्रा पुठ्ठ्यापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटे मोठा हवा. पुठ्ठ्यावर आणि सुतळीवर डिंक पसरा. चकचकीत बाजू वर ठेवून पत्रा सैल अंथरा. तो ताणू नका. मधून कडेकडे दाबत जा, पण नख लावू नका. सुतळीच्या दोन्ही बाजूंनी कापसाचा बोळा फिरवा. हळूहळू पान वर येईल. उरलेल्या कडा मागे दुमडा.

पत्रा कुठेतरी फाटतोच. बारीक चीर तशीच राहू द्या. ती पानाची शीर वाटेल. मोठे भोक पडले, तर पत्र्याचेच एक छोटे पान कापून त्यावर चिकटवा. छोट्यांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे रडारड होत नाही.

आता बुटाचे काळे पॉलिश थोडेसे चोळा आणि फडक्याने लगेच पुसा. खोलगट जागी काळा रंग राहतो. उंच भाग चांदीसारखा चमकतो. कर्नाटकातील बीदर शहरातल्या बिदरी भांड्यांवरही अशीच काळ्यावर चांदी खुलते. ती चांदी मात्र खरी असते, आणि भांडे काळे करायला तिथल्या जुन्या किल्ल्यातील माती वापरतात.

पुठ्ठ्याशिवाय नावही उठवता येते. जुन्या वर्तमानपत्रांच्या गादीवर दुहेरी पत्रा ठेवा. शाई संपलेल्या बॉलपेनने नाव लिहा आणि पत्रा उलटा करा. अक्षरे वर आली, पण उलटी! म्हणजे लिहितानाच उलटे लिहायला हवे. मग गंमत होते. मराठी उजवीकडून डावीकडे चालू लागते आणि उर्दू डावीकडून उजवीकडे! जमत नसेल, तर नाव आधी कागदावर ठळक लिहा. कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा आणि तसेच पत्र्यावर उतरवा.

शब्दार्थ
मंद – कमी चमकणारा. चीर – फट. ठळक – जाड व स्पष्ट

स्वाध्याय
१. पत्र्याची एक बाजू मंद का असते?
२. सुतळी वाळू दिली नाही तर काय होईल?
३. तुमचे नाव मराठीत व उर्दूत पत्र्यावर उठवून वर्गात आणा.