उपवासाने वजन उतरते का?

उपवास करणाऱ्याची थट्टा करताना मराठी माणसाच्या तोंडी एक म्हण हमखास येते : ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि शेवटी केळ्याचे शिकरण असे ताट समोर आले, की हा उपवास कशाचा, असे पाहणाऱ्याला वाटतेच. म्हण चेष्टेची असली तरी तिच्यात आहारशास्त्रातील एक खरा प्रश्न दडलेला आहे. उपवासाच्या दिवशी माणूस खरोखर कमी खातो का? आणि तो कमी खात नसेल, तर केवळ उपवास केला म्हणून त्याचे वजन उतरेल का?

‘उपवास’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जवळ राहणे’ असा आहे. ज्या देवतेसाठी व्रत धरले, तिच्या सान्निध्यात दिवस घालवणे, हा त्यामागील भाव. वजन कमी करणे हा या व्रतांचा हेतू कधीच नव्हता. तेव्हा एकादशीने कंबर बारीक झाली नाही, म्हणून एकादशीला दोष देण्याचे कारण नाही. गेल्या दीड दशकात मात्र केवळ वजनासाठी केला जाणारा एक नवा उपवास जगभर पसरला आहे. त्याला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतात. त्यात काय खावे यापेक्षा केव्हा खावे, यावर भर असतो. कोणी दिवसाचे सोळा तास काही न खाता उरलेल्या आठ तासांत जेवणे उरकतात, कोणी एक दिवसाआड नाममात्र खातात, तर कोणी आठवड्यातील पाच दिवस नेहमीसारखे जेवून दोन दिवस पाचशे-सहाशे उष्मांकांवर भागवतात. हा शेवटचा प्रकार ब्रिटनमधील डॉ. मायकेल मोझली यांच्या २०१२ मधील बीबीसीवरील माहितीपटामुळे घरोघरी पोहोचला.

महाराष्ट्रात हीच लाट २०१८ च्या सुमारास निराळ्या रूपाने आली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडलेल्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितले, की खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून फक्त दोनदा जेवावे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे. त्याच सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा दर दोन तासांनी थोडेथोडे खाण्याचा सल्लाही लोकप्रिय होता. दोनदा की दर दोन तासांनी, यावर कचेऱ्यांत आणि लग्नाच्या पंगतींतही वाद रंगले. दोन्ही मार्गांनी वजन उतरलेली माणसे दोन्ही बाजूंना होती, ही या वादातील सर्वांत बोलकी गोष्ट होय.

शरीराचा जमाखर्च

उपवासाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, तो आधी नीट समजून घेतला पाहिजे. जेवल्यानंतर रक्तातील साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन पाझरते. इन्सुलिनमुळे पेशी ही साखर आत घेतात. तत्काळ न लागणारी साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते, आणि त्याहूनही उरलेली ऊर्जा चरबी म्हणून जमा होते. इन्सुलिनची पातळी चढलेली असते तोवर साठ्यातील चरबी बाहेर पडण्याचे काम मंदावते. यकृतातील ग्लायकोजेनचा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो. रात्रीच्या झोपेत त्यातील बराच भाग खर्च होतो आणि दिवसभराच्या उपवासात तो जवळजवळ संपतो. मग शरीर चरबीकडे वळते, आणि यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करू लागते. म्हणून, समर्थक सांगतात, पोट जितके तास रिकामे राहील तितकी चरबी अधिक जळेल.

इथपर्यंतचे शरीरशास्त्र बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. चरबी वापरली जाणे आणि चरबीचा साठा कमी होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कणगीतून सकाळी पायलीभर धान्य काढले आणि संध्याकाळी पायलीभर ओतले, तर कणगी दुपारी जराशी रिकामी दिसेल. दुसऱ्या दिवशी ती होती तेवढीच भरेल. सोळा तासांच्या उपवासात खर्ची पडलेली चरबी उरलेल्या आठ तासांतील जेवणांनी भरून निघाली, तर महिन्याच्या अखेरीस हाती काहीच उरत नाही.

वजनकाट्याची आणखी एक फसवणूक येथेच सांगितली पाहिजे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीरात सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. ग्लायकोजेन संपले की हे पाणीही जाते. उपवास सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात किलो-दीड किलो वजन उतरल्याचा जो आनंद होतो, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. दिवसाला २,००० उष्मांक खर्च करणाऱ्या माणसाने दिवसभर पाण्याशिवाय काहीही घेतले नाही, आणि सारी ऊर्जा चरबीतूनच आली असे धरले, तरी फार तर पाव किलो चरबी कमी होईल.

आता हाच हिशेब खिचडीच्या एका भरल्या ताटलीला लावून पाहा. ८० ग्रॅम साबुदाण्यातून सुमारे २८० उष्मांक मिळतात, ३० ग्रॅम दाण्याच्या कुटातून १७०, दोन चमचे तुपातून ९० आणि बटाट्याच्या फोडींतून ४०. बेरीज ५८० होते. दोन पोळ्या, भाजी, आमटी आणि थोडा भात यांच्या साध्या जेवणातूनही साधारण तेवढेच उष्मांक मिळतात. फरक इतकाच, की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने आणि तंतुमय पदार्थ नसल्यासारखेच असतात. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात कसाव्याच्या कंदापासून तो तयार होतो. गंमत अशी, की कसावा, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि मिरची ही सारी पिके अमेरिका खंडातून भारतात आली आहेत. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या एकादशीच्या ताटात यांतील एकही पदार्थ असणे शक्य नव्हते.

उंदीर आणि माणसे

वेळेच्या बंधनाला विज्ञानाचा मोठा आधार मिळाला तो २०१२ साली, उंदरांवरील एका प्रयोगातून. अमेरिकेतील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने उंदरांच्या दोन तुकड्यांना सारखेच स्निग्ध अन्न दिले. एका तुकडीला ते अष्टौप्रहर उपलब्ध होते, तर दुसरीला रात्रीचे आठ तासच. दोन्हींच्या पोटात गेलेले उष्मांक जवळपास सारखे असूनही पहिली तुकडी लठ्ठ झाली आणि दुसरी बरीचशी सडपातळ राहिली. हा निष्कर्ष चकित करणारा होता. परंतु उंदराच्या इवल्याशा देहाला सोळा तासांचा उपवास जितका जड, तितका तो माणसाला नसतो. उंदरावरून माणसाविषयीचा निष्कर्ष थेट काढता येत नाही.

माणसांवरील प्रयोगांचे चित्र निराळे आहे. शिकागो येथे १०० लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसाआड उपवास करणाऱ्यांचे वजन ६ टक्क्यांनी उतरले, तर रोज थोडे कमी खाणाऱ्यांचे ५.३ टक्क्यांनी. हा फरक नगण्य मानला जातो. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे उपवासाच्या गटातील ३८ टक्के लोकांनी प्रयोग मध्येच सोडला. रोज कमी खाणाऱ्या गटात हे प्रमाण २९ टक्के होते. चीनमधील ग्वांगझू येथील १३९ जणांच्या प्रयोगात दोन्ही गटांना उष्मांकांची सारखीच मर्यादा होती. त्यांपैकी एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खायचे होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोंनी आणि दुसऱ्या गटाचे ६.३ किलोंनी उतरले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हाही फरक टिकला नाही.

उष्मांकांचे बंधनच नसेल, तर काय होते? सॅन फ्रान्सिस्को येथील ११६ जणांच्या २०२० मधील प्रयोगात एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेतच हवे ते खावे, एवढेच सांगितले होते. बारा आठवड्यांनी त्यांचे वजन सरासरी ९४० ग्रॅम उतरले; दिवसातून तीनदा जेवणाऱ्यांचे ६८० ग्रॅम. बाराशे तासांहून अधिक काळ पोट उपाशी ठेवून ही एवढीशी तफावत! शिवाय ज्यांची बारकाईने तपासणी झाली, त्यांच्या घटलेल्या वजनात स्नायूंचा वाटा अपेक्षेपेक्षा जास्त आढळला.

या साऱ्यांत सर्वांत नेमका प्रयोग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा म्हणता येईल. तो आकाराने लहान, ४१ जणांचाच होता, पण त्यात प्रत्येकाचे अन्न संशोधकांनीच शिजवून, मोजून दिले. एका गटाने ते दहा तासांत, मुख्यतः दुपारपूर्वी खाल्ले. दुसऱ्याने रात्री उशिरापर्यंत. अन्न सारखेच असल्यामुळे घड्याळाचा स्वतंत्र परिणाम असता, तर तो येथे उघड झाला असता. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी २.३ किलोंनी उतरले होते आणि दुसऱ्याचे २.६ किलोंनी. हे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०२५ मध्ये ९९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा दिवसाआड उपवासात रोजच्या मिताहारापेक्षा सरासरी १.२९ किलो अधिक वजन उतरल्याचे दिसले. तथापि अधिक काळ चाललेल्या प्रयोगांत ही आघाडी राहिली नाही.

म्हणजे उपवासाने वजन उतरते, हे खरे. पण ते पोटात कमी अन्न गेल्यामुळे उतरते, तास मोजल्यामुळे नव्हे. वेळेचे बंधन हे शेताभोवतीच्या कुंपणासारखे आहे. रात्री दहाचा फरसाण, अकराची आइस्क्रीम, दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटे आणि येताजाता तोंडात टाकलेले चार दाणे ही गुरे त्यामुळे बाहेर राहतात. ज्याचे जास्तीचे उष्मांक अशा अवेळी खाण्यातून येतात, त्याला हे कुंपण फार उपयोगी पडते. रोज वही घेऊन उष्मांक मोजण्यापेक्षा ‘आठनंतर नाही’ हा एकच नियम पाळणे कित्येकांना सोपे वाटते, आणि हा लाभ क्षुल्लक समजू नये. सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा जैनांचा चौविहार वजनासाठी नसला, तरी हे कुंपण त्यातही आहे. मात्र ज्याचे दुपारचे जेवणच दुप्पट होते, त्याला कुंपणाचा काय उपयोग? रमजानच्या महिन्यातील उपवासांच्या अभ्यासांतही असेच दिसते. महिन्याभरात सरासरी किलो-दीड किलो वजन उतरते, आणि ईदनंतरच्या काही आठवड्यांत बहुतेक परत येते.

दर दोन तासांनी खाऊनही काहींचे वजन का उतरले, याचाही उलगडा यातून होतो. त्यांचे एकूण खाणे घटलेले असते.

उपवास कोणी टाळावा

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला एक वेगळी धार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की किडकिडीत दिसणाऱ्या भारतीयाच्या देहातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते, आणि ती पोटाभोवती साठते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे वजनासाठी उपवास करू पाहणाऱ्यांत मधुमेहाचे रुग्ण पुष्कळ असतात, आणि नेमका त्यांनाच सर्वांत जास्त धोका असतो. इन्सुलिनचे इंजेक्शन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर एकाएकी घसरते. अशा रुग्णाने डॉक्टरांकडून औषधाची मात्रा बदलून घेतल्याशिवाय उपवास करू नये. गर्भवती आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, आणि खाण्याच्या विकाराने ग्रासलेली माणसे यांच्यासाठीही ही पद्धत नाही.

स्त्रियांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. कित्येक घरांत आठवड्याचे एकदोन वार, संकष्टी, एकादशी, हरतालिका आणि नवरात्र एकट्या गृहिणीकडे असतात. इतर दिवशीही ती सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवते. अशा स्त्रीने कोणाचे तरी ऐकून सोळा तासांचा उपवास आणखी वर घेतला, तर तिच्या ताटातून आधी प्रथिने आणि लोह जातात. साबुदाण्याने पोट भरते, पण ही उणीव भरून निघत नाही. व्रत पाळायचेच असेल, तर दूध, दही, ताक, फळे, राजगिरा आणि मूठभर दाणे हे पदार्थ तिच्या अधिक उपयोगाचे आहेत, आणि रूढीनेही ते उपवासाला चालतात.

उपवासात हातपाय थरथरणे, दरदरून घाम फुटणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही रक्तातील साखर घसरल्याची लक्षणे असू शकतात. मधुमेहाच्या रुग्णात ती दिसताच, तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, आणि ती चढली नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. त्या दिवशीचा उपवास तेथेच सुटला असे समजावे.