हॅमस्टरचा पिंजरा : आणण्यापूर्वी वाचा

वार्षिक परीक्षा संपली की मुलांच्या मागण्यांची यादी निघते. पूर्वी सायकल, फार तर पोपट. आता गेल्या काही वर्षांत आपल्यासारख्या गावांतील मत्स्यालयाच्या दुकानांतही हॅमस्टर दिसू लागला आहे. मुले हट्ट धरतात, वडील हॅमस्टर आणतात, आणि घरातील आजी कपाळाला हात लावते. "एकीकडे उंदीर मारायचं औषध आणता आणि दुसरीकडे पैसे मोजून उंदीरच घरात?" आजींचे प्राणिशास्त्र चुकीचे नाही. हॅमस्टर हा कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकीच एक. म्हणूनच त्याचा पिंजरा हा जसा त्याच्या सुखाचा प्रश्न आहे, तसाच घरातील माणसांच्या आरोग्याचाही आहे. हॅमस्टरचे आजार हा पशुवैद्यकांचा प्रांत. पिंजऱ्यापाशी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून हा लेख.

दुकानात सर्वांत जास्त दिसतो तो सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर. १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळ इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने एक मादी व तिची पिल्ले जमिनीखालच्या बिळातून खणून काढली. आज घरोघरी असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्या एका कुटुंबाचे वंशज मानले जातात. हा प्राणी बिळात राहणारा, रात्री फिरणारा आणि एकटा राहणारा आहे, एवढे लक्षात ठेवले की पिंजऱ्याविषयीच्या निम्म्या चुका टळतात.

पहिली चूक म्हणजे जोडी आणणे. "एकटा कंटाळेल," असे दुकानदार सांगतो. सोनेरी हॅमस्टर वयात आले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात, प्रसंगी मारूनही टाकतात. नर-मादी असतील तर सोळा दिवसांत पिल्ले होतात आणि ती पिल्लेही चार-पाच आठवड्यांत वयात येऊ लागतात. एका पिंजऱ्यात एकच हॅमस्टर ठेवावा.

दुसरी चूक आकाराची. लव्हबर्डसाठी विकला जाणारा तारेचा छोटा पिंजरा हॅमस्टरच्या कामाचा नाही. तारेच्या तळावर चालून त्याच्या पायांना जखमा होतात, कधी पाय अडकून मोडतो. निदान १०० सें.मी. लांब आणि ५० सें.मी. रुंद अशी सलग जमीन असावी. दोन-तीन मजले असलेले रंगीत प्लास्टिकचे पिंजरे मुलांना आवडतात, परंतु मजल्यांनी जमीन वाढत नाही. हॅमस्टरला दूरचे नीट दिसत नाही आणि उंचावरून पडून त्याला इजा होते. गजांचा पिंजरा असेल तर सीरियन हॅमस्टरसाठी दोन गजांतील अंतर १ सें.मी.पेक्षा जास्त नको, बुटक्या जातींसाठी त्याहूनही कमी. जुनी काचेची मासळीची टाकी पुरेशी लांब-रुंद असेल तर उत्तम. वर मात्र घट्ट बसणारे जाळीचे झाकण हवे, काचेचे नव्हे. मांजर आणि पाल दोन्ही घरात असतातच.

आता अंथरुणाविषयी सविस्तर, कारण इथे माणसाचाही संबंध येतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००६ मध्ये १०, ४० व ८० सें.मी. खोल अंथरुणावर ठेवलेल्या हॅमस्टरची तुलना केली. १० सें.मी.वाले गज जास्त कुरतडत होते. गज कुरतडणारा हॅमस्टर खेळत नसतो, तो अस्वस्थ असतो. म्हणून निदान २० ते ३० सें.मी. खोल थर द्यावा, म्हणजे तो बीळ करू शकेल. काय घालावे? कागदाचा लगदा करून बनवलेले अंथरूण सर्वांत बरे. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून कोणी आणू नये. त्यात प्लायवूडचा गोंद असतो, आणि त्याची बारीक धूळ हॅमस्टरच्या व तुमच्या घरातील दमेकऱ्याच्या छातीत सारखीच जाते. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा कीस नको. कापूस तर मुळीच नको. त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर आतडे बंद होते. घरट्यासाठी पांढरा टिश्यू पेपर फाडून द्यावा. (आपले हे वृत्तपत्र टाकीखाली अंथरायला हरकत नाही, टाकीत नको!)

फिरते चाक अखंड तळाचे हवे, दांड्यांचे नको. सीरियन हॅमस्टरला निदान २८ सें.मी. व्यासाचे लागते. धावताना पाठ वाकत असेल तर चाक लहान आहे. पाण्याची बाटली रोज बदलावी. लपायला एक लाकडी खोका पुरतो.

आणि आता आपल्या भागातील खरी अडचण, ऊन. हॅमस्टरला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवते. त्याला माणसासारखा घाम येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील खोली दुपारी चाळिशी ओलांडते, आणि त्या खोलीत काचेची टाकी म्हणजे भट्टी. लांब पडून राहणे, धापा टाकणे, तोंडाजवळची लव ओली होणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. गार जागी न्यावे, ओल्या फडक्याने अंग हलके पुसावे व पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी. प्रतिबंध मात्र घरच्या घरी होतो. पिंजरा खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीशी, उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावा. मातीचे छोटे मडके आडवे ठेवले तर हॅमस्टर आपणहून त्यात जाऊन बसतो. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून टेकवावी. कूलरचा झोत थेट नको, त्याने अंथरूण दमट होऊन बुरशी येते. माझा सल्ला असा की, आधी पिंजरा मांडावा, त्यात साधा तापमापक ठेवून दोन दिवस दुपारी वाचावा. तीसच्या वर आकडा जात असेल तर हॅमस्टर पावसाळ्यानंतर आणावा. मुलाला चार दिवस राग येईल, तो सोसावा.

पिंजऱ्याची जागा ठरवताना घरातील माणसांचाही विचार करावा. हा प्राणी रात्रभर चाक फिरवतो, तेव्हा मुलांच्या झोपण्याच्या खोलीत तो नको. स्वयंपाकघरात तर नकोच. त्याच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात. सांडलेल्या दाण्यांना घरचे उंदीर येतात. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि घरातील लहान उंदरांकडून एलसीएम नावाचा विषाणू हॅमस्टरला लागू शकतो. निरोगी माणसाला हा विषाणू बहुधा फ्लूसारखा ताप देऊन जातो, गर्भवतीला मात्र झाला तर गर्भाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा होण्याची भीती असते. असे क्वचितच घडते, पण घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर पिंजऱ्याची सफाई तिच्याकडे अजिबात देऊ नये आणि पिंजरा तिच्या खोलीत ठेवू नये. नवा हॅमस्टर तर त्या काळात आणूच नये. पाच वर्षांखालील मुले व दमेकरी यांच्या बाबतीतही पुन्हा विचार करावा.

हॅमस्टर बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तो कोपरा एक-दोन दिवसांआड काढावा. सगळे अंथरूण एकदम बदलले तर स्वतःचा वास गेल्याने तो बिथरतो, म्हणून थोडे थोडे बदलावे. सफाई गच्चीवर किंवा अंगणात, हातमोजे व मास्क घालून करावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. फिनेल नको, साबणाचे पाणी पुरते. डासांची कॉइल त्या खोलीत लावू नये. मुंग्यांसाठी मेजाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले असतील तर त्या वाट्या कोरड्या दिवशी न चुकता घासून घ्याव्यात, नाहीतर मुंग्या जाऊन डेंग्यूचे डास यायचे.

दिवसा झोपलेल्या हॅमस्टरला मुलांनी उचलले की तो चावतो, त्यात त्याचा दोष नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा झाले ते डॉक्टरांना सांगावे. घरात पिंजऱ्यातच राहणाऱ्या हॅमस्टरच्या चाव्यासाठी रेबीजची लस सहसा लागत नाही, निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. चावल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर ती तीव्र ॲलर्जी असू शकते. अशा वेळी जखम धुण्यात वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे.